गिअर का अडतो?

उसाच्या हंगामात एखाद्या पहाटे टेंभुर्णीच्या चौकात उभे राहावे. पुणे-सोलापूर रस्त्याची वाहतूक एका बाजूने चाललेली असते आणि दुसऱ्या बाजूने उसाने भरलेले ट्रॅक्टर एकामागून एक येत असतात. प्रत्येकाच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या. चौकात गाडी थांबते, ड्रायव्हर क्लच दाबतो, दांडा पुढे सारतो, आणि कधी कधी आतून 'कर्रर्र' असा आवाज येतो. शेजारच्या टपरीवर चहा पीत बसलेला एखादा जुना मिस्त्री मान वर न करताच म्हणतो, "ह्याचा क्लच पुरता सुटत नाही."

न पाहता, न खोलता त्याला हे कळले कसे? आज आपल्याला ह्या प्रश्नाचा माग काढायचा आहे. त्यासाठी थोडे मागे, अगदी बैलांच्या चरकापर्यंत जावे लागेल. आणि शेवटी आपण येऊन पोहोचणार आहोत त्या नव्या बुटक्या, फुगीर चाकांच्या गाडीपाशी, जिला लोक 'क्वाड' म्हणतात. कोकणच्या किनाऱ्यावर वाळूत फेऱ्या मारणारी ही गाडी पुष्कळांनी पाहिली असेल.

पहिल्यांदा चरक. सत्तरीच्या पुढच्या मंडळींना बैलांनी फिरणारा उसाचा चरक आठवत असेल. बैल गोल फिरत, वरचे आडवे लाकूड मधली लाट फिरवी, आणि त्या लाटेच्या डोक्यावरचे दाते शेजारच्या लाटांच्या दात्यांत अडकून त्यांनाही फिरवीत. दाते उघडे होते. एखादा तुटला तर पोराला देखील दिसे. 'खट्' असा आवाज प्रत्येक फेऱ्याला एकदा आला की समजावे, एक दाता गेला. दर फेऱ्याला दोनदा आला तर दोन गेले. ही यंत्राच्या निदानाची पहिली शाळा, आणि ती आपल्या मळ्यातच भरत होती.

दातेरी चाक काही आजचे नव्हे. ग्रीस देशाजवळच्या अँटिकिथेरा बेटापाशी समुद्रात बुडालेल्या गलबतातून १९०१ साली पितळेसारख्या धातूच्या बारीक दातेरी चाकांचे एक यंत्र वर आले. ते दोन हजार वर्षांहून जुने आहे, आणि ग्रहताऱ्यांचे गणित करण्यासाठी केलेले होते. आपल्या देशात बाबराने आपल्या आठवणींत लाहोर, दिपालपूर, सरहिंद ह्या मुलखातील रहाटाचे वर्णन लिहून ठेवले आहे. बैल एक आडवे चाक फिरवतात, त्याचे दाते उभ्या चाकात अडकतात, आणि मडक्यांची माळ पाणी वर आणते. त्याच बाबराने आग्र्याकडे लोक बैल जुंपून चामड्याच्या मोटेने पाणी काढतात हेही नोंदवले आहे. आपल्या दख्खनच्या विहिरींवर चालली ती हीच मोट. तिला चाक असे, नाडा असे, पण दाते नसत. दातेरी चाक आपल्या शेतकऱ्याच्या हाती आले ते चरकातून.

आता दात्यांचे गणित पाहू. शिक्षक बंधूंनी हे वर्गात जरूर करून दाखवावे. बारा दात्यांचे लहान चाक छत्तीस दात्यांच्या मोठ्या चाकाला फिरवीत असेल, तर लहान चाकाचे तीन फेरे होतात तेव्हा मोठ्याचा एक होतो. वेग एक तृतीयांश झाला. पण त्या बदल्यात फिरवण्याचा जोर, घर्षणाचा भाग वगळता, तिप्पट झाला. वेग द्या आणि जोर घ्या, किंवा जोर द्या आणि वेग घ्या. दोन्ही एकदम मिळत नाहीत. सगळे गिअर ह्या एकाच व्यवहारावर चालतात.

मग गंमत अशी की आपल्या टेंभुर्णीच्या शेजारी, कुर्डुवाडीला, ज्या रेल्वेने ह्या भागात पहिल्यांदा यंत्रयुग आणले, तिच्या इंजिनाला गिअरच नव्हते! एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने बार्शी लाइट रेल्वे उभी केली. अडीच फूट रुंदीच्या रुळांवर १८९७ मध्ये बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली, १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोहोचली, आणि १९५४ मध्ये ही रेल्वे सरकारने घेतली. तिचा कारखाना कुर्डुवाडीला होता. लोखंडाचे, फिटरकामाचे धडे पुष्कळांनी तिथेच गिरवले.

वाफेच्या इंजिनाला गिअर का नको? कारण वाफ बॉयलरमध्ये आधीच कोंडून तयार असते. चाक जागचे हललेले नसतानाही ती दट्ट्यावर पूर्ण जोराने दाब देते. म्हणून वारकऱ्यांनी खचाखच भरलेली गाडी ते इंजिन उभ्या जागेवरून ओढून काढी. पेट्रोलचे किंवा डिझेलचे इंजिन मात्र निराळ्या स्वभावाचे. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देते, आणि ठराविक वेगाने फिरत असेल तेव्हाच पुरता जोर देते. फार हळू फिरवले की ते बंदच पडते. अशा इंजिनाला चढावर, चिखलात, ओझ्याखाली काम करायला लावायचे, तर इंजिन वेगाने आणि चाक हळू फिरले पाहिजे. आणि सपाट रस्त्यावर त्याच्या उलट. म्हणून इंजिन आणि चाक ह्यांच्यामध्ये एक मध्यस्थ बसवावा लागला. तोच हा गिअरबॉक्स.

फ्रान्समध्ये एमिल लेव्हासोर ह्या इंजिनिअरने १८९१ च्या सुमारास मोटारीसाठी जी रचना केली, तीत वेगवेगळ्या आकाराची दातेरी चाके दांड्यावर सरकवून एकमेकांत अडकवली जात. रचना ओबडधोबड होती. फिरणाऱ्या दोन चाकांचे दाते एकमेकांत घुसवायचे म्हणजे धावत्या गाडीत उडी मारण्यासारखे. गाडीच्या वेगाने आपणही धावत असलो तर पाय अलगद पडतो, नाहीतर आपटतो. दाते असे आपटत तेव्हा तो 'कर्रर्र' आवाज निघे.

ह्यावर जुन्या ड्रायव्हरांनी एक युक्ती काढली. क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, खालचा गिअर टाकायचा असेल तर थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. ह्याला 'डबल क्लच' म्हणत. दोन्ही चाकांचा वेग जुळवायचा तो असा, कानाने ऐकून. एस.टी.च्या आणि मालट्रकच्या जुन्या ड्रायव्हरांना ह्यात इतका सराव असे की उताऱ्यांना झोपेतून जाग येत नसे.

पुढे १९२८ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीत 'सिंक्रोमेश' आले. त्यात दाते अडकण्यापूर्वी पितळी कडे एका शंकूवर घासते आणि ब्रेकसारखे काम करून दोन्ही भागांचा वेग सारखा करते. म्हणजे ड्रायव्हरचा कान आता खोक्यात जाऊन बसला. दुसऱ्या महायुद्धातली जीप पाहा. तिच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरला ही सोय होती, पहिल्याला नव्हती. म्हणून चालत्या जीपचा पहिला गिअर टाकताना नवशिक्याची फजिती होई. महिंद्र कंपनीने १९४७ पासून मुंबईत ह्या जीपची जुळणी सुरू केली, आणि पुढे खेडोपाडीच्या कच्च्या रस्त्यांवर सरकारी अंमलदारांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तीतून फिरू लागले. डांबरी सडकेबाहेर चालणारी चारचाकी म्हटले की आपल्याकडे कितीतरी वर्षे जीपच डोळ्यांपुढे येई.

मग ट्रॅक्टर आला. मुंबईला १९६३ मध्ये महिंद्र आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर ह्यांच्या भागीदारीतून ट्रॅक्टरचा कारखाना निघाला. त्यांच्या बी-२७५ ट्रॅक्टरला पुढचे आठ आणि मागचे दोन गिअर होते. एक दांडा गिअरचा आणि एक हाय-लोचा. उजनीचे धरण १९८० मध्ये पुरे झाले, भीमेचे पाणी शिवारात फिरले, ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला, आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर आले. त्या दिवसापासून आपला शेतकरी दात्यांच्या व्यवहारात पूर्णपणे गुंतला. फरक एवढाच, की चरकाचे दाते उघडे होते आणि ट्रॅक्टरचे दाते लोखंडी खोक्यात बंद.

श्रोतेहो, खरी अडचण इथेच सुरू होते. जे दिसत नाही त्याबद्दल दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. चुलत्यांना आम्ही आण्णा म्हणतो. त्यांच्या ट्रॅक्टरचा गिअर ऐन हंगामात पडेनासा झाला. ऊस तोडून फडात पडलेला. तोडलेला ऊस जितका वाळेल तितके वजन घटते आणि साखरही कमी होते, हे इथल्या पोरालाही ठाऊक आहे. एका दुकानात सांगण्यात आले, "गिअरबॉक्स खोलावा लागेल, आठ दिवस लागतील." खर्चाचा आकडा ऐकून आण्णा मटकन खाली बसले. तेवढ्यात ओळखीचे एक म्हातारे फिटर आले. आम्ही त्यांना मामा म्हणत असू. मामा म्हणाले, "आण्णा, आधी इंजिन बंद करा." मग बंद ट्रॅक्टरवर बसून त्यांनी एकेक गिअर टाकून पाहिला. सगळे लोण्यासारखे पडले. इंजिन चालू केले, एकही पडेना. मामा उतरले आणि पेडलच्या खालची पिन दाखवली. ती झिजून निम्मी झाली होती. पेडल पुरे दाबले तरी क्लच अर्धाच सुटत होता. पिन बदलली, पेडलची चाल जुळवली. दोन तासांत ट्रॅक्टर फडावर गेला.

मामांनी जादू केली नव्हती. त्यांनी फक्त क्रम पाळला होता. तो क्रम सांगतो. ट्रॅक्टरला, जीपला, मोटारसायकलला आणि त्या क्वाडलाही तो थोड्याफार फरकाने लागू पडतो.

पहिला प्रश्न: इंजिन बंद असताना गिअर पडतात का? बंद असताना पडतात आणि चालू असताना अडतात, तर दोष बहुधा क्लचचा. तो पुरता सुटत नाही. पेडलची किंवा तारेची चाल पाहावी, पिना पाहाव्यात, तेलावर चालणारा क्लच असेल तर त्याचे तेल पाहावे. बंद असतानाही दांडा अडतो, तर दांड्यापासून खोक्यापर्यंतचे सांधे, बुश आणि तारा पाहाव्यात. ते नीट असतील तरच संशय खोक्याच्या आत न्यावा. मात्र बंद गाडीत दाते कधी समोरासमोर येऊन अडतात. तेव्हा गाडी थोडी पुढे-मागे ढकलून पुन्हा पाहावे.

दुसरा प्रश्न: सगळे गिअर त्रास देतात की एकच? सगळे देत असतील तर कारण सर्वांना सामाईक असणार: क्लच, तेल किंवा दांड्याची जुळणी. एकच गिअर अडत असेल तर कारण त्या गिअरचेच असणार: त्याचे दाते, त्याला सरकवणारा काटा किंवा त्याचे पितळी कडे. हा साधा तर्क आहे. घरातले सगळे दिवे गेले तर आपण मेन स्विच पाहतो, एकच गेला तर बल्ब पाहतो, तसेच हे.

तिसरा प्रश्न: पडलेला गिअर ओझ्याखाली सुटतो का? गिअर जागेवर धरून ठेवण्यासाठी आत एक लोखंडी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. स्प्रिंग मऊ झाली, काटा वाकला किंवा अडकणाऱ्या दात्यांच्या कडा गोल झाल्या, की जोर येताच गिअर निसटतो. इथे एक गोष्ट हात जोडून सांगतो. कित्येक ड्रायव्हर सुटणारा गिअर ट्यूबच्या रबराने बांधून ठेवतात. असे कधीही करू नये. भरलेल्या दोन ट्रॉल्या मागे असताना उतारावर गिअर निसटला, तर इंजिनाचा अडसर एका क्षणात नाहीसा होतो आणि सगळे ओझे ब्रेकवर येते. मग पुढे चाललेल्या सायकलवाल्याचे काय व्हायचे, ते त्या रबराला ठाऊक नसते. सुटणारा गिअर हे खोके खोलण्याचे खरे कारण आहे. तिथे चालढकल नको.

चौथा प्रश्न: आवाज केव्हा येतो? न्यूट्रलमध्ये घरघर येते आणि क्लच दाबताच थांबते, तर संशय खोक्यातल्या पहिल्या दांड्याच्या बेअरिंगवर घ्यावा. उलट क्लच दाबल्यावरच आवाज येतो, तर क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. चरकाची 'खट्' आणि ही घरघर, ऐकायची रीत एकच.

पाचवा प्रश्न: तेल काय सांगते? खालचा बूच काढला की त्यावर बारीक करडी पूड चिकटलेली असते. ती नेहमीच्या झिजेची, तिला भिऊ नये. पण कपच्या किंवा दात्याचा तुकडा निघाला तर गाडी तिथेच थांबवावी. तेल दुधासारखे पांढरट दिसले तर आत पाणी शिरले आहे. ओढ्यातून, चिखलातून फिरणाऱ्या गाडीत हे हमखास घडते.

आता ती क्वाड. होंडा कंपनीने १९७० मध्ये फुगीर टायरांची तीन चाकी गाडी अमेरिकेत विकायला आणली. ती वळणावर उलटून पुष्कळ अपघात झाले, आणि १९८८ मध्ये तिकडे नव्या तीनचाकींची विक्री थांबली. त्याआधीच, १९८२-८३ मध्ये, सुझुकीने चार चाकांची गाडी बाजारात आणली होती. पुढे न्यूझीलंडसारख्या देशांत मेंढ्या राखायला, कुंपणे पाहायला शेतकरी तिच्यावर बसून फिरू लागले.

पायाने गिअर टाकायच्या क्वाडचे खोके म्हणजे आपल्या मोटारसायकलचेच भावंड. त्यात सगळी दातेरी चाके कायम एकमेकांत अडकलेली असतात. बाजूला एक नळकांडे असते, त्यावर नागमोडी खाचा असतात. पायाने टप्पा दिला की नळकांडे थोडे फिरते, खाचेतले काटे सरकतात आणि एक चाक दांड्याशी जखडले जाते. म्हणून इथे गिअर क्रमानेच पडतात, पहिल्यावरून एकदम चौथा टाकता येत नाही. ह्यांत पुष्कळदा इंजिन, क्लच आणि गिअर ह्यांना एकच तेल असते. भलतेच तेल ओतले की क्लच घसरतो किंवा चिकटतो, आणि दोष मात्र बिचाऱ्या गिअरच्या माथी येतो.

दुसऱ्या जातीच्या क्वाडमध्ये पट्टा असतो. हॉलंडच्या डाफ कंपनीने १९५८ मध्ये मोटारीत असा पट्टा आणला. दोन पुलींची रुंदी कमी-जास्त होते आणि वेग-जोराचे प्रमाण आपोआप बदलते. आपल्याकडे १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडा स्कूटरने ही रीत घरोघरी नेली. अशा क्वाडला पुढे, न्यूट्रल, मागे एवढाच दांडा असतो. तो टाकताना कर्रर्र आवाज आला तर आधी पाहावे, इंजिन उभ्या जागी जास्त वेगाने तर फिरत नाही ना? तसे असेल तर पट्टा आतल्या दात्यांना फिरवत राहतो, आणि फिरत्या दात्यांत दांडा ढकलला जातो. इंजिनाचा वेग कमी करावा, गाडी पुरती थांबवावी, मग दांडा टाकावा. पट्टा भिजला असेल तर तो घसरतो. आणि बटणाने गिअर टाकायच्या गाडीत दिवा लुकलुकू लागला, तर पाना हाती घेण्यापूर्वी बॅटरी आणि वायरी पाहाव्यात.

पाहा, गाडी परदेशी, रचना नवी, पण प्रश्न मामांचेच. बाहेरून आत, सोप्याकडून अवघडाकडे, आणि फुकटच्या तपासणीपासून खर्चाच्या तपासणीकडे.

शिक्षक बंधूंना एक विनंती. वर्गात एक सायकल उलटी करून ठेवा. मुलांना पुढच्या आणि मागच्या चाकाचे दाते मोजू द्या, पेडलचा एक फेरा झाला की मागचे चाक किती फिरते ते बघू द्या, आणि भागाकार फळ्यावर मांडायला लावा. मग त्यांच्या घरच्या ट्रॅक्टरला किती गिअर आहेत, आणि नांगरटीला वडील कोणता टाकतात, हे विचारून यायला सांगा. सोलापूर जिल्ह्यातल्या पुष्कळ मुलांना हे उत्तर पुस्तकाच्या आधी ठाऊक असते. फक्त ते भौतिकशास्त्र आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

आणि शेतकरी बंधूंना एवढेच सांगायचे आहे. क्लचवर पाय ठेवून गाडी हाकू नका, गिअरच्या दांड्यावर हात टेकून बसू नका. त्या हाताच्या वजनाने आतला काटा झिजतो. हाय-लोचा दांडा गाडी थांबवून बदला. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवू नका. आणि कोणी "खोलावा लागेल" म्हणाले, तर भांडू नका, पण आधी हे पाच प्रश्न विचारा. जाणता मिस्त्री ह्या प्रश्नांनी रागावत नाही, उलट त्याला काम सोपे होते.

मामा आता नाहीत. आण्णांच्या घरी खिळ्याला टांगलेली ती झिजलेली पिन मात्र अजून आहे. नवा ड्रायव्हर कामावर आला की आण्णा पहिल्या दिवशी ती त्याच्या हातावर ठेवतात आणि विचारतात, "सांग बरं, ही झिजली तर गाडीला काय होईल?"